रोज ऑफिसला आणि सुट्टीत कॅम्पर ओढायला: हेवी ड्यूटी डिझेल पिकअप कोणता घ्यावा?

घाटमाथा (पार्कर, कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

आमच्याकडे २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे. रिकामा ६,३०० पौंड, पाणी-सामान भरल्यावर ७,४०० च्या आसपास. सध्या तो हाफ-टन (हलक्या वर्गातल्या) गॅस, म्हणजे पेट्रोल, पिकअपने ओढतो. माहितीपत्रकात ९,००० पौंडांच्या वर ओढेल असं लिहिलंय, त्यामुळे दोन वर्षं निर्धास्त होतो.

गेल्या जुलैत आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगदा ओलांडून डिलनकडे उतरत होतो. बोगद्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत आठेक मैलांत रस्ता दोन हजार फुटांहून जास्त खाली येतो. दुसऱ्या गिअरला टाकूनही इंजिन गाडी धरेना. ब्रेक दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. निम्म्या उतारावर जळका वास आला आणि पेडल रोजच्यापेक्षा खोल जायला लागलं. उजव्या हाताला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी केलेला खडीचा चढ दिसला, आणि वेळ आलीच तर यात घालायची असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मागच्या सीटवर आई होती. ती एक शब्द बोलली नाही, खिडकीवरची कडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. कसाबसा कडेला थांबलो, चाळीस मिनिटं चाकं निवू दिली आणि मग ताशी २५ मैलांनी खाली आलो.

माझे वडील एसटीत चालक होते. चिपळूण-कराड, कुंभार्ली घाट. ते सांगायचे, घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा, ब्रेकला हात शेवटी. पण इंजिनच धरत नसेल तर गिअर काय करणार?

म्हणून आता डिझेल घ्यायचं म्हणतोय. रॅम २५००, फोर्ड एफ-२५० की शेवी (शेव्हरोले) २५००, तीन-चार वर्षं जुना. मात्र हाच ट्रक रोज चालणार. ऑफिस ९ मैलांवर, आठवड्यातून तीन दिवस. शिवाय मुलांचे क्लास, किराणा. अनुभवी लोकांनी सांगावं.

---

करवंद (केटी, टेक्सस)

घाटमाथा, वाचूनच पोटात गोळा आला. सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं.

कंपनी नंतर बघू. आधी आत्ताच्या ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असेल, त्यावर माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये असं लिहिलेलं असतं. तो आकडा इथे टाका. आणि घरातल्या सगळ्यांची वजनं.

---

घाटमाथा

करवंद, बघितलं. १,४८० पौंड.

मी आणि बायको मिळून ३३०, आई १२०, दोन मुलं १६५. म्हणजे ६१५. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलरचा भार ट्रकच्या पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) ९०. मागच्या हौद्यात सायकली, जनरेटर, लाकडं, कूलर धरून २५०.

---

करवंद

आणि ट्रेलरचा दांडा हिचवर जो भार टाकतो तो? ट्रॅव्हल ट्रेलरला तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असतो, आणि असायलाच हवा, नाहीतर शेपूट हलवल्यासारखा ट्रेलर डुलतो. ७,४०० चे १३ टक्के धरा, ९६० पौंड.

६१५ + ९० + २५० + ९६० = १,९१५. स्टिकर म्हणतं १,४८०. म्हणजे दोन वर्षं तुम्ही सव्वाचारशे पौंड जास्त घेऊन हिंडत होता. माहितीपत्रकातला ओढण्याचा आकडा खोटा नाही, पण तो ज्या पद्धतीने मोजतात तिच्यात पुढे फक्त दोन माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. आई नाही, मुलं नाहीत, सायकली नाहीत.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. आम्ही पाच वर्षांपूर्वी डिझेलचा पाऊण-टन (म्हणजे २५००, एफ-२५० वर्गातला) घेतला, चामड्याच्या सीट, सनरूफ, सगळं असलेला. विकणारा म्हणाला, काय वाट्टेल ते ओढा. वर्षभराने १२,००० पौंडांचा फिफ्थ व्हील ट्रेलर बघितला. फिफ्थ व्हीलचा भार हिचवर नाही, हौद्यात मागच्या आसाच्या वर येतो, आणि तो २० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे २,४००. स्टिकर वाचलं तर २,०३०! आम्ही चौघं बसायच्या आधीच संपलं.

कारण साधं आहे. पाऊण-टन वर्गात बऱ्याच ट्रकांची एकूण वजनाची मर्यादा १०,००० पौंडांवर ठेवलेली असते. डिझेल इंजिन गॅसपेक्षा कित्येक शे पौंड जड, वर फोर बाय फोर, वर चैनीच्या गोष्टी. सगळं त्या दहा हजारांतूनच वजा होतं. तुमचं १,९१५ अशा ट्रकात जेमतेम मावेल, आणि दोन वर्षांनी मोठा ट्रेलर घ्यावासा वाटला तर पुन्हा हाच धागा काढाल.

एक-टन बघा, मागे एकेकच चाक असलेला. रॅम ३५००, एफ-३५०, शेवी ३५००. बाहेरून तोच ट्रक, तीच लांबी-रुंदी, तेच इंजिन. नवा घेताना फरक हजार-पंधराशे डॉलरचा असतो आणि पेलोड (ट्रकवर लादता येणारं वजन) दीडपट-पावणेदोनपट मिळतो. आम्ही तोटा सोसून बदलला.

---

माळरान (साल्ट लेक सिटी)

करवंद ताईंचा हिशोब शंभर टक्के बरोबर. पण मी उलटा प्रश्न विचारतो. ७,४०० पौंडांना डिझेल लागतंच का?

माझा एफ-२५० आहे, ७.३ लिटर गॅस व्ही-८. ४३० अश्वशक्ती, ४७५ पौंड-फूट टॉर्क. स्टिकर ३,१०० च्या वर. ८,००० चा ट्रेलर सहा वर्षं ओढतोय.

पैशाचं बघू. नवं डिझेल घेतलं तर सुमारे १०,००० डॉलर जास्त. समजा वर्षाला ५,००० मैल ट्रेलरसह, ८,००० मैल रिकामे. गॅस: ओढताना गॅलनला ८ मैल, रिकामा १३. म्हणजे १,२४० गॅलन. डिझेल: ओढताना ११, रिकामा १७. म्हणजे ९२५ गॅलन. गॅस ३ डॉलर आणि डिझेल ३.६० धरलं तर ३,७२० विरुद्ध ३,३३०. वर्षाला ३९० डॉलर वाचले. त्यातून युरियाचं पाणी (डिझेलचा धूर स्वच्छ करायला लागणारं), महागडे फ्युएल फिल्टर आणि १० ते १३ क्वार्ट ऑइल वजा करा. काही उरत नाही. विकताना डिझेलला भाव चांगला येतो, तेवढीच भरपाई.

९ मैलांवरच्या ऑफिससाठी तर डिझेल मुळीच नको.

---

लोखंडी_पूल (कोलंबस, इंडियाना)

हा धागा बघून राहवलं नाही. मी कोथरूडला कमिन्स या डिझेल इंजिनांच्या कंपनीत लागलो, तेव्हा आमच्या साहेबांच्या तोंडात अजून किर्लोस्कर कमिन्सच असायचं. १९६२ साली पुण्यात सुरू झालेली कंपनी. गेली अठरा वर्षं इथे कोलंबसला आहे, जिथे मूळ कंपनी आहे. डॉज रॅममध्ये कमिन्सचं ५.९ लिटर सरळ-सहा (एका ओळीत सहा सिलिंडरचं) इंजिन पहिल्यांदा बसलं ते १९८९ मॉडेलला. ते जुने ट्रक आजही इथल्या शेतांवर दिसतात. तरी आमचं इंजिन म्हणून आमचीच बाजू घेणार नाही.

माळरान यांचा पैशाचा हिशोब मला मान्य आहे. डिझेल पैसे वाचवायला घेऊ नये. पण घाटमाथांचा प्रश्न पैशाचा नाही, उताराचा आहे.

गॅस इंजिन उतारावर धरतं ते हवेचं तोंड बंद करून, पोकळीविरुद्ध पिस्टन ओढायला लावून. त्याला मर्यादा आहे. डिझेलमध्ये वेग असा हवा अडवून आवरत नाहीत, म्हणून नुसतं डिझेल तर फारसं धरत नाही. गंमत आहे ती टर्बोमध्ये. आजच्या तिन्ही इंजिनांच्या टर्बोतली पाती हलती असतात. बटण दाबलं की ती पाती मिटतात, धूर बाहेर जायची वाट अरुंद होते, आणि पिस्टनला तो कोंडलेला दाब ढकलावा लागतो. हा एक्झॉस्ट ब्रेक. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) लावून उतरलात की गिअर स्वतः खाली येतो आणि गाडी तुम्ही धरलेल्या वेगावर बांधल्यासारखी राहते. तुमच्या वडिलांचा नियमच तो, फक्त हातातलं काम यंत्राने घेतलंय.

दुसरं, उंची. टर्बो नसलेलं गॅस इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. ११,००० फुटांवर तिसरा हिस्सा गेला. माळरान यांचे ४३० तिथे २९० च्या आसपास उरतात. टर्बो हवा कोंबून भरतो, त्यामुळे डिझेलला हा फटका फार कमी.

आता रोजच्या वापराबद्दल. इथे मात्र कान देऊन वाचा, कारण बहुतेक डिझेल याच एका गोष्टीने आजारी पडतात.

धुरातली काजळी एका गाळणीत अडकते, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरत आली की इंजिन जास्तीचं इंधन वापरून तिला तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. याला वीस-तीस मिनिटं सलग, गरम इंजिनाने चालणं लागतं. ट्रेलर ओढताना धूर मुळातच इतका तापलेला असतो की काजळी आपोआप जळत राहते. पण तीन मैलांवर क्लासला सोडा, बंद करा, परत आणा, बंद करा, असं चाललं की जाळणं दर वेळी अर्धवट राहतं. फोर्ड आणि कमिन्समध्ये ते जास्तीचं इंधन सिलिंडरमध्येच उशिरा सोडतात, त्यातलं थोडं भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. सहा-सात महिने असं चालवलेल्या ट्रकची ऑइल-काडी मी स्वतः काढून बघितली आहे. पातळी खुणेच्या वर चढलेली, बोटाला पाण्यासारखं पातळ, आणि वासाला चक्क डिझेल. ड्युरामॅक्समध्ये, म्हणजे शेवीच्या डिझेलमध्ये, यासाठी धुराच्या नळीतच वेगळा नववा इंजेक्टर आहे, त्यामुळे ऑइलला हा त्रास कमी. तुमच्यासारख्याला हा मुद्दा जड धरावा लागेल.

९ मैलांचं ऑफिस चालेल, महामार्गाने जात असाल तर. क्लास आणि किराण्याला दुसरी गाडी न्या. आठवड्यातून एकदा अर्धा तास महामार्गावर मोकळा सोडा. सुरू केल्यावर उभ्या उभ्या तापवत बसू नका, हळू चालवत तापवा.

तीन इंजिनांचा फरक थोडक्यात. रॅमचं सरळ-सहा: सुटे भाग कमी, हाताळायला सोपं, २५०० मध्ये २०१९ ते २०२४ पर्यंत ३७० अश्वशक्ती आणि ८५० पौंड-फूट. फोर्डचं ६.७ व्ही-८: सगळ्यांत ताकदवान, ४७५ आणि १,०५०, दहा गिअर. ड्युरामॅक्स ६.६: २०२३ पर्यंत ४४५ आणि ९१०, २०२४ पासून ४७० आणि ९७५. तुमच्या ट्रेलरला तिन्हीत सगळ्यांत कमी ताकदीचंही भरपूर आहे. त्यामुळे आकड्यांवर वेळ घालवू नका, चालवून बघा.

---

उत्तररंग (कॅलगरी)

थंडीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. ब्लॉक हीटर (बंद इंजिन विजेवर गरम ठेवणारा) असलेलाच घ्या आणि रात्री प्लगला लावायची सवय ठेवा. युरियाचं पाणी उणे ११ सेल्सिअसला गोठतं. टाकीत हीटर असतो, त्यामुळे ट्रकला काही होत नाही, पण बाहेर गॅरेजमध्ये ठेवलेला कॅन फुगतो. आणि उन्हाळ्यात टेक्ससला भरलेलं डिझेल टाकीत घेऊन जानेवारीत डोंगरात जाऊ नका, मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर बसतो.

---

पाणंद

डीपीएफची एवढी कटकट आहे तर काढून टाका ना. माझ्या ओळखीत दोघांनी काढलाय, मायलेज वाढलं म्हणतात.

---

लोखंडी_पूल

पाणंद, हा सल्ला कृपया कुणाला देऊ नका. ती यंत्रणा काढणं क्लीन एअर अॅक्टखाली बेकायदा आहे, काढून देणाऱ्या दुकानांना मोठे दंड झालेत. डेन्व्हर भागात डिझेललाही धुराची तपासणी लागते, तिथेच अडकेल. आणि ती काजळी शेवटी मागच्या गाडीतल्या पोराच्या फुप्फुसात जाते.

या बाबतीत मी माझ्याच कंपनीलाही सोडत नाही. रॅममधल्या इंजिनांच्या सॉफ्टवेअरवरून सरकारशी तडजोड होऊन कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलरचा दंड कबूल केला. त्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये झाली. त्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर कुणी बोलत नव्हतं. जुना रॅम घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: २०१३ ते २०१९ च्या ट्रकांचं सॉफ्टवेअर बदलून द्यायचं होतं, ते झालंय का बघा. तसंच २०१९ आणि २०२० चे उच्च दाबाचे इंधन पंप रिकॉलमध्ये बदलून दिलेत, त्याचाही कागद मागा.

---

कातळशिल्प (पुणे)

धागा रस घेऊन वाचतोय. एक प्राथमिक शंका. इथे हायलक्स मोठा पिकअप समजला जातो, २.८ लिटर डिझेल, ५०० न्यूटन-मीटर. युरोपात तर लोक साध्या स्टेशन वॅगनने कॅरॅव्हॅन ओढताना पाहिलेत. मग तुम्हाला एवढं अवजड का लागतं?

---

करवंद

चांगली शंका. युरोपातली कॅरॅव्हॅन साधारण १,२०० ते १,८०० किलोंची, आणि हिचवरचा भार ७५ ते १०० किलो. वेगही बऱ्याच देशांत ८०-१०० किलोमीटरवर बांधलेला. आमच्याकडच्या ट्रेलरमध्ये मोठा फ्रीज, ओव्हन, शॉवर, भिंत बाहेर सरकणारी खोली. घाटमाथांचा भरलेला ट्रेलर ३,३५० किलो आणि हिचवर ४३५ किलो. त्यातून महामार्गावर ७० मैलांनी जाणारे मोठे ट्रक शेजारून गेले की हवेचा धक्का बसतो. तुमच्या एककात सांगायचं तर फोर्डचे १,०५० पौंड-फूट म्हणजे १,४२० न्यूटन-मीटरच्या वर.

लहान ट्रेलर घेतला तर लहान गाडी पुरते, हेही खरंच. पण आईंना बाथरूम आतच लागतं, पोरांना वेगळे बंक लागतात, मग ट्रेलर वाढतो आणि त्याच्यामागे ट्रकही.

घाटमाथा, जाता जाता: मोजपट्टी घेऊन गॅरेज मोजा. चार दारांचा, साडेसहा-पावणेसात फुटी हौद्याचा ट्रक २५० इंचांच्या आसपास असतो, आणि २० फुटी गॅरेज म्हणजे २४० इंच. आमचा बाहेरच उभा असतो. मी रोज तोच चालवते. वळायला जागा जास्त लागते, बहुमजली पार्किंगमध्ये आधी उंचीची पाटी वाचावी लागते. महिन्याभरात सवय होते.

---

माळरान

लोखंडी_पूल, उंचीचा मुद्दा तुमचा खरा. मी बहुतेक युटाच्या दक्षिणेला जातो, ११,००० फूट माझ्या वाटेत येत नाहीत. घाटमाथांनी आय-७० रोजचाच धरलाय, तर माझा सल्ला मागे घेतो. एक-टन डिझेल घ्या.

---

घाटमाथा

मंडळी, सात आठवड्यांनी येतोय. ट्रक घेतला.

तिन्ही चालवले. फोर्ड ओढायला जबरदस्त. रॅम २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग असल्याने रिकामा सगळ्यांत मऊ वाटला, पण स्टिकर २,०७० बघून दार लावलं. शेवटी २०२२ चा शेवी ३५००, ड्युरामॅक्स, मागे एकेक चाक. त्याचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, बाकी दोघांना पुढे अखंड आस. आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत स्टिअरिंग कमी उसळतं हे रोजच्या चालवण्यात लगेच कळलं. नववा इंजेक्टर हेही कारण होतंच. स्टिकर ३,७००. क्लासला आता बायकोची गाडी जाते, ट्रक फक्त ऑफिस आणि ट्रेलर.

गेल्या शुक्रवारी सगळ्यांना बसवून, पाणी भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्या तोलायच्या काट्यावर) चढवला. पावती समोर आहे:

पुढचा आस ४,७६०
मागचा आस ४,९२०
ट्रेलरचे आस ६,५२०
एकूण १६,२००

ट्रक ९,६८०. दारावरची मर्यादा ११,५५०. म्हणजे अजून १,८७० पौंड हातात. करवंद, तुमचा कागदावरचा हिशोब शंभर पौंडांच्या आत जुळला.

मग तोच रस्ता. बोगद्यातून बाहेर पडताच टो-हॉल, एक्झॉस्ट ब्रेकचं बटण, वेग ४५ वर आणून ब्रेक सोडला. इंजिनाचा आवाज एकदम जाड झाला, मालट्रक उतरताना येतो तसा. काटा ४५-४६ मध्ये राहिला. सिल्व्हरथॉर्नपर्यंत पाय ब्रेकवर दोनदा गेला, तोही पुढे गर्दी तुंबली म्हणून. खाली पेट्रोल पंपावर उतरून प्रत्येक चाकाजवळ तळहात धरून बघितला. कोमट. आई विचारत होती की चाकांना काय झालं.

एक तक्रार मात्र आहे. रिकामा असताना मागून फार उडतो. टायरमध्ये हवा ८० पीएसआय ठेवलीय. कमी करावी का?

---

उत्तररंग

८० हा भरलेल्यासाठीचा आकडा झाला. दारावरच्या दुसऱ्या स्टिकरवर पुढचा-मागचा दाब दिलेला असतो, तो मागच्या आसाच्या पूर्ण भारासाठी आहे. रिकामा असताना टायर कंपनीचा भार-दाब तक्ता बघून मागचा उतरवा, मी ६० वर आणतो. पुढचा कमी करू नका, डिझेलचं वजन कायम पुढेच असतं. ट्रेलर लावायच्या आधी थंड टायरला परत भरायचा. छोटा कंप्रेसर घेऊन ठेवा.

---

घाटमाथा

धन्यवाद उत्तररंग. उद्या सकाळी ऑफिसला निघण्याआधी थंड असतानाच मागची ६० करतो. कंप्रेसर मागवला.